तिसरं पॅकिंग

तेलाचा थेंब नेमका चष्म्याच्या काचेवर पडला, तेव्हा ट्रकखाली उताणी पडलेल्या मार्लिसच्या तोंडून एक शब्द गेला. चर्चच्या तळघरात तिच्यासोबत वर्षानुवर्षं कॉफी ओतणाऱ्या बायकांनी तो तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"काय म्हणालीस?" शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या ड्वेनने विचारलं.

"गळतंय म्हणाले. परत."

ड्वेनने थोडा विचार केला. "तेलाच्या चेंबरचं पॅकिंग गेलं असणार. बदलायला हवं."

मार्लिसने चष्मा पुसला. बर्फ वितळल्यापासून तिने ते पॅकिंग दोनदा बदललं होतं आणि दोन्ही वेळा तो याच खुर्चीवर बसलेला होता.

खरं तर हे काम तिचं नव्हतंच. धान्याच्या कोठारावर वजनकाट्याच्या खिडकीत बसून तिने उभा जन्म काढला. गव्हाचे ट्रक येत, ती वजन घेई, पावती देई. ट्रकच्या पोटात काय असतं याची चौकशी तिने कधी केली नाही, कारण घरात ड्वेन होता. लुंडबी गावाच्या आसपास असा ट्रॅक्टर नसेल, ज्याला ड्वेन हाल्वर्सनचा हात लागला नव्हता. हा जुना हिरवा ट्रक त्याच्या वडिलांचा. ड्वेनने तो इतका जपला होता, की पाऊस दिसला तर तो आधी ट्रक आत घ्यायचा आणि मग मार्लिसला वाळत घातलेल्या कपड्यांची आठवण करून द्यायचा.

वसंतात तेल गळायला लागलं, तेव्हा ड्वेननेच काम काढलं. इंजिन थोडं उचललं, त्याच्या तळाचं पत्र्याचं चेंबर खाली उतरवलं, बोल्ट एका जुन्या ताटलीत ठेवले, आणि मग तो तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशीही ताटलीकडे बघत नुसता उभा राहिला. दुसऱ्या कुणाचा हात ट्रकला लागू द्यायचा नाही हे मात्र त्याच्या पक्कं लक्षात होतं. शेवटी मार्लिसच त्याचा जुना डगला चढवून खाली शिरली. तो बाहेरून सांगत गेला, ती करत गेली. ते पॅकिंग बुचाच्या मऊ लाकडाचं होतं. ड्वेन म्हणाला होता, "त्याला चिरडू नकोस. आधी बोटांनी, मग पान्याने पाव फेरा, बस." तसंच केलं. तरी आठवड्याभरात जमिनीवर डाग.

दुसऱ्या वेळी तिचं डोकं फिरलं. ती सुट्या भागांच्या दुकानात गेली आणि गल्ल्यामागच्या वेंडेलला चार गिऱ्हाइकांदेखत सुनावलं, की हल्लीचा माल कुचकामी आहे आणि तो विकणाऱ्यांना लाज नाही. वेंडेल बिचारा लाल झाला. त्याने दुसरं पॅकिंग दिलं. तेही आता गळत होतं.

त्या दुपारी फार्गोहून मुलीचा, जोलीनचा, फोन आला. ती पुन्हा तेच म्हणाली, बाबांना मोठ्या डॉक्टरांकडे नेऊ या. मार्लिसने नेहमीचं उत्तर दिलं. विसरतो, मान्य आहे. नावं विसरतो, वार विसरतो. पण हात अजून शाबूत आहेत. हाताला सगळं आठवतं. माणूस हाताने ओळखावा, असं म्हणून तिने जरा रागानेच फोन ठेवला आणि ऱ्हुबार्बचे आंबट लाल देठ तोडायला ती परसात गेली.

शेडमधून कट् कट् आवाज येत होता.

ट्रकखालून ड्वेनचे बूट बाहेर आलेले दिसले. मार्लिस गुडघ्यांवर बसून वाकली. तो एकेक बोल्ट आवळत होता. क्रम अगदी बरोबर होता, मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे. पण एकेका बोल्टवर तो सगळं अंग टाकत होता. पत्र्याच्या कडेतून बुचाचे तुकडे सँडविचमधल्या लोण्यासारखे बाहेर आले होते.

"काय करतोयस तू?"

"कुणीतरी हे ढिलेच सोडलेत," ड्वेन वैतागून म्हणाला. "नुसते बोटांनी फिरवून सोडलेत. असं काम करतात का?"

"काल पण आवळलेस?"

"काल? नाही. आत्ता लक्षात आलं."

मार्लिसचा तोल सुटला. मे महिन्यापासून पाठ मोडून घेतलीय मी, ती ओरडली, केसांतून तेल जात नाही, त्या वेंडेलला चारचौघांत वाट्टेल ते बोलले, आणि तू रोज इथे येऊन पॅकिंग चिरडतोयस. ड्वेन सरपटत बाहेर आला. त्याने हातातल्या पान्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मी असं करीन?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. "मार्लिस, जन्मभर हेच काम केलंय मी."

त्याच्या कोपराला माती लागली होती, ती तिने झटकली आणि जेवायला चल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात गेली. दोन शेतकरी गल्ल्याशी कॉफी पीत उभे होते. तिला पाहताच वेंडेलने खालून एक खोका काढला. तुमच्यासाठी दुसऱ्या कंपनीचं मागवून ठेवलंय, तो म्हणाला, आधीची दोन खराब निघाली, तेव्हा याचे पैसे नकोत. खोका उचलून निघून जाणं अगदी सोपं होतं.

"आधीची दोन्ही चांगली होती," मार्लिस म्हणाली. "चूक माझी होती. मीच बोल्ट जास्त आवळले."

एक शेतकरी हसला. "ड्वेनच्या बायकोने? आणि तो काय झोपला होता?"

"तो सांगत होता. मी ऐकलं नाही."

शेतकऱ्याला गंमत वाटली. वेंडेलला वाटली नाही. त्याने पैसे घेतले. खोक्याला काही वजन नव्हतं, तरी तो उचलून तिच्या गाडीपर्यंत आला.

"आमचे बाबा शेवटी शेवटी घरातले नळ आवळून ठेवायचे," रस्त्याकडे बघत तो म्हणाला. "आईला पाणी काढायला शेजाऱ्यांना बोलवावं लागायचं."

मार्लिसने मान हलवली. मागच्या वेळचं बोलणं मनावर घेऊ नकोस, एवढंच ती म्हणाली. तो आत गेल्यावर तिने गाडीत बसून जोलीनला फोन लावला.

"त्या डॉक्टरांची वेळ घे," ती म्हणाली. "मी घेऊन येते त्याला."

जोलीनने काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, ट्रकचं काम चाललंय, मार्लिसने सांगितलं.

शनिवारी तिने तिसऱ्यांदा चेंबर उतरवलं. बोल्टांच्या भोकांपाशी पत्रा फुगला होता, तो लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हातोडीने हलकेच सपाट केला. ड्वेन कौतुकाने बघत होता. हे तुला कुणी शिकवलं, त्याने विचारलं. एका चांगल्या मेकॅनिकने, ती म्हणाली. मग नव्या पॅकिंगच्या बुचाच्या पट्ट्या बसवल्या. आधी बोटांनी, मग पाव फेरा. ती बाहेर आली तेव्हा ड्वेन पाना हातात घेऊन उभाच होता.

"आवळलेस नीट? मी एकदा बघतो."

मार्लिसने त्याच्या हातातला पाना काढून घेतला. शेडच्या कोपऱ्यातून चाकांचा मोठा पाना आणला आणि त्याच्या हातात दिला.

"खालचं झालं. चाकांचे नट ढिले वाटतायत मला. तेवढे बघ."

ड्वेन पुढच्या चाकाशी एक गुडघा टेकून बसला आणि नटांवरची पत्र्याची गोल टोपी त्याने काढून ठेवली. त्याने पाना बसवला आणि अंगाचा भार देऊन एकेक नट आवळला. मग मागचं चाक. मग पलीकडची दोन. वारा गव्हावरून येत होता. मार्लिस पालथ्या बादलीवर बसून चिंधीने बोटं पुसत राहिली. चारही चाकं झाल्यावर ड्वेन उठला, कंबर सरळ केली, ट्रकला वळसा घालून आला आणि पहिल्या चाकाशी थांबला. नटांकडे निरखून बघत त्याने नापसंतीने मान हलवली.

"हे बघ," तो म्हणाला. "हे कुणी आवळलेच नाहीत."

"मग आवळ," मार्लिस म्हणाली आणि जवळ जाऊन तिने चाकाची काढलेली गोल टोपी त्याच्यासाठी हातात धरून ठेवली.