अर्धी ठमीची, अख्खी बाबांची

डॉक्टरीणबाईंनी ठमीच्या मानेवरची कातडी चिमटीत उचलली आणि सोडली. ती झटकन जागी बसायला हवी होती, पण तंबूसारखी उभीच राहिली. हिरड्यांना बोट लावलं, तर त्याही चिकट लागल्या.

"अंगातलं पाणी फार उतरलंय," त्या म्हणाल्या.

टेबलापलीकडे ठमीचे पुढचे पाय धरून त्यांचे सासरे उभे होते. जनावरांचा हा दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत, आणि ठमी ही सासूबाईंची कुत्री. सासूबाई होत्या तोवर "ही खाटेवर नको" म्हणून सासरे तिला हाकलत. त्या गेल्यावर हाच म्हातारा अर्धी खाट ठमीला सोडून कडेला अंग चोरून झोपू लागला. पुढे ठमीचं हृदय थकलं, फुप्फुसात पाणी साठू लागलं, खोकला मागे लागला. सासऱ्यांचं हृदय त्याआधीच थकलं होतं. दोघांना औषध एकच, लघवीवाटे पाणी काढणारी गोळी. वजनाचा हिशेब करून डॉक्टर सुनेने ठमीला अर्धी ठरवली. सासऱ्यांना त्यांच्या डॉक्टरांनी अख्खी दिली होती.

सकाळी चहाबरोबर दोघांचा हा कार्यक्रम चाले. ठमीची गोळी तिच्या जिभेच्या मुळाशी ठेवायची, जबडा मिटायचा, गळ्यावरून हात फिरवायचा. नाक चाटलं म्हणजे गोळी उतरली, तोवर सोडायचं नाही. हे सगळं सुनेनेच शिकवलं होतं. पण सासरे त्यात इतके तरबेज झाले की दवाखान्यात येणाऱ्यांनाही धडे देत बसत.

मग चुकलं कुठे? तिने मनातल्या मनात हिशेब पुन्हा केला. उत्तर तेच आलं. म्हणजे ठमीच्या किडन्या आपणहूनच हार मानत होत्या. तसं असेल तर करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं, आणि ते या माणसाला सांगायचं होतं. परक्यांना अशा बातम्या ती नेहमीच देई; घरच्या माणसाला द्यायची म्हणताच ती सलाइनची बाटली शोधू लागली.

तिने शीर शोधून सलाइन लावलं. हृदय कमकुवत असताना घाई केली तर आगीतून फुफाट्यात, म्हणून थेंब अगदी सावकाश ठेवले. सलाइनचा स्टँड आतल्या खोलीत एका आजारी मांजरापाशी अडकला होता, म्हणून बाटली सासऱ्यांनी उंच धरली. थोड्याच वेळात त्यांना धाप लागली. तिने बाटली खिडकीच्या गजाला बांधली आणि त्यांना स्टुलावर बसायला लावलं.

"औषध जास्त झालं तर असं होतं का गं?" त्यांनी विचारलं.

तिला ते टोचलं.

"मी मोजून दिलंय, बाबा."

"तुझं नाही म्हणत मी."

कापसाचा बोळा खाली पडला होता, तो उचलायला ती वाकली आणि तिला त्यांचे पाय दिसले. काही दिवसांपासून ते बूट सोडून जुन्या सैल चपला घालत होते. "बूट हरवले वाटतं?" म्हणून तिने चेष्टाही केली होती, आणि पायांना सुट्टी दिलीय म्हणून त्यांनी ती परतवली होती. आता त्या सैल चपलांचे पट्टेही पायात रुतले होते. तिने घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. ठमीची कातडी वर राहिली होती, यांची खाली.

"तुमची गोळी कोण खातं, बाबा?"

त्यांनी ठमीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू हिची गोळी वाढवून देईनास. मला नुसता दम लागतो, बसलं की जातो. ती बसली तरी खोकायची." मग म्हणाले, "हिला काही झालं तर तुझ्या सासूला काय तोंड दाखवू?"

का वाढवत नाही, ते तिने एकदा सोडून दहादा सांगितलं होतं. ओरडावं असं तिला फार वाटलं. पण दोन जीव तिच्या डोळ्यांसमोर, एक सुकत आणि एक सुजत चालला होता, आणि ती चपलांवर विनोद करत होती. दिव्याखाली अंधार तो हाच. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. आजची गोळी आत्ताच द्या आणि ताबडतोब घेऊन या, असं ते म्हणाले. ठमीचं कारण तरी आता कळलं होतं. औषधाने सुकलेल्या किडन्या कधीकधी सावरतात. तेवढंच तिने सासऱ्यांना सांगितलं, जास्त कबूल केलं नाही.

मग तिने अख्खी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, वर पाणी घेतलं.

"गेली."

ती समोरून हलली नाही.

"सूनबाई, मला नाक चाटता येत नाही."

"मग तोंड उघडा."

त्यांनी निमूट उघडलं. आत गोळी नव्हती. तरी तिचा हात सवयीने त्यांच्या गळ्याकडे गेला आणि वरून खाली सावकाश फिरला. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि हात काढून घ्यायचं तिला सुचलं नाही.