सतरा नंबर दुसऱ्या बेसवर

सोरेनचं नाव यादीतून काढायला ड्वेनने मला एप्रिलमध्येच सांगितलं होतं. ड्वेन आमच्या एल्म लेकच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर. "आर्डिस आजी, एक बटण तर दाबायचंय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मी दाबायला गेले, तर सामने नोंदवायच्या टॅबलेटनेच विचारलं: याच्या जुन्या सामन्यांत आता नाव दिसणार नाही, चालेल? नऊ वर्षांचे सामने, सगळे मीच नोंदवलेले. मी 'नाही' दाबलं.

जानेवारीत सोरेन गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला आणि पायाखालचा बर्फ फुटला. सत्तावीस वर्षांचा होता माझा नातू. यादीत मात्र तो राखीव खेळाडूंच्या बाकावरच राहिला, सोळा नंबरच्या डेरेकखाली, सतरा नंबर.

मी सामने लिहिते ते १९६६ पासून. तेव्हा वही, दोन पेन्सिली आणि खोडरबर. पाऊस आला की वही कोटाच्या आत. दोन्ही गावांच्या लिहिणाऱ्या एकाच टेबलाशी बसत आणि दर डावानंतर एकमेकींना वाचून दाखवत. दोघींचं जुळलं तरच ते खरं. टॅबलेट आले तरी आम्ही ही रीत सोडली नाही. शेजारच्या सेंट ऑटो गावची लाव्हॉन चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसते आहे, आणि तिने तर पेन्सिलही सोडलेली नाही.

जुलैतला तो रविवार. दुपारचं ऊन टॅबलेटच्या काचेवर असं येत होतं की नावं धड दिसत नव्हती. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात चेंडू झेलणाऱ्या आमच्या कॅचरच्या बोटाला चेंडू लागला आणि त्याच्या जागी डेरेक आला. मी यादी उघडून नाव दाबलं. खिशातला फोन थरथरला. चर्चमधल्या बायका बटाट्याच्या सॅलडचं विचारत असतील म्हणून मी तो काढला नाही. डेरेकचा फटका झेलला गेला, डाव संपला तो बरोबरीत.

मग जादा डाव. या दहाव्या डावात आमच्याकडे आधीच्या डावात शेवटी बाद झालेल्याला थेट दुसऱ्या बेसवर उभं करतात, सामना रेंगाळू नये म्हणून. टॅबलेट ते आपण होऊन करतो. सेंट ऑटोची धाव झाली नाही. आमची पाळी आली, आणि दुसऱ्या बेसवर नाव उमटलं: १७, सोरेन.

मी मान वर केली. बेसवर डेरेकच होता. पण तो उजवा बूट डाव्या पोटरीवर घासत होता, एकदा, दोनदा. ही सवय सोरेनची. मी त्यावरून त्याला लहानपणापासून रागवायची.

फोन पुन्हा थरथरला. या वेळी मी बघितलं. 'सोरेन दुसऱ्या बेसवर.' खेळाडू आत आला, बेसवर पोचला की टॅबलेट त्याच्या घरच्यांना निरोप पाठवतो. सोरेनचे निरोप दोघींनाच येत: मला आणि फार्गोला राहणाऱ्या माझ्या लेकीला, जनेलला. त्याच्या आईला. दोघींनीही ते बंद केले नव्हते.

"काय गं, पांढरी पडलीस," लाव्हॉन म्हणाली. "पाणी पी. इथे मेलीस तर दोन्ही बाजूंचं मलाच लिहावं लागेल." मग तिची नजर काचेवर गेली.

तेव्हाच बदलायला हवं होतं. माझं बोट उचललंच नाही. पुढच्याने चेंडू लांब मारला, बेसवरचा धावला, होमवर पोचून त्याने धाव पुरी केली. आम्ही जिंकलो. फोन थरथरला.

डेरेक पाणी प्यायला टेबलापाशी आला आणि खाली बसून बूट काढू लागला.

"आजी, काहीतरी विचित्रच. एवढं ऊन, आणि त्या बेसवर पाय असे गारठले, जणू पाण्यात उभा होतो."

"मोजे बदल, वास येतोय," लाव्हॉन म्हणाली. पण तिची पेन्सिल थांबली होती.

डेरेक गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आर्डिस, त्या नावाने सामना बंद केलास तर तुमची जीत जाईल. आमचा मॅनेजर ड्वाइट तक्रार करणार म्हणजे करणार." आणि तिने वही पुढे ओढली. "वाच. धाव कोणाची?"

फोन वाजला. जनेल.

"आई, कोण आहे ते?"

"डेरेक. माझं बोट चुकलं गं. आता दुरुस्त करायचं आहे."

"केलंस की मला काय येईल?"

"सोरेन बाहेर, असं येईल. तू फोन बंद करून ठेव जरा. मी सांगते म्हणून."



"नको," ती म्हणाली. "जानेवारीत गाडीत पेट्रोल भरताना एका परक्या बाईने मला सांगितलं, 'तुमच्या मुलाचं फार वाईट झालं.' तुला दुपारपासून ठाऊक होतं. तू संध्याकाळपर्यंत फोन केला नाहीस."

"जीभ उचलली नाही गं."

"मग या वेळी तू सांग. मशीनच्या आधी."

पन्नासहून जास्त वर्षं मी नावं मोठ्याने वाचत आले. वाऱ्यात, बँडच्या आवाजात, घसा बसलेला असताना. तशीच वाचली.

"सोरेन बाहेर. डेरेक आत. धाव डेरेकची."

"डेरेकची," लाव्हॉन म्हणाली आणि तिने लिहिलं.

मी बटण दाबलं. खिशात थरथर झाली. लगेच फोनमधूनही तीच बारीक थरथर ऐकू आली, फार्गोहून, तिच्या हातातली.

"आलं," जनेल म्हणाली. "रात्री पुन्हा करशील फोन?"

"करते."

सामना बंद केला. यादी मिटण्याआधी सतरा नंबर पुन्हा बाकावर दिसला. मी तो काढला नाही. मैदानावर पाणी मारायला अजून कोणी गेलं नव्हतं, आणि दुसऱ्या बेसभोवतीची माती ओली होती.