अंशुमनचा आकडा

मिल्टन कीन्सच्या त्या हौशी बेसबॉल क्लबात अंशुमनच्या आकड्याचं भलतंच कौतुक होतं. दहा वेळा बॅट घेऊन उभा राहिला, तर जवळजवळ पाच वेळा गडी पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, सुखरूप! बाकीच्यांची मजल कशीबशी तिनापर्यंत. आणि गंमत अशी, की पठ्ठ्या चेंडू मारायचाच नाही. चेंडू टाकणाऱ्या हौशी पिचरांचे नेम ते काय! चार चेंडू वेडेवाकडे पडले की बॅटरला पहिला बेस फुकटात मिळतो. तो घेऊन स्वारी निघायची. ‘व्हॉट ॲन आय!’ काय नजर आहे, असं कोच ज्याला त्याला सांगायचा.

बाबांना तर आभाळ ठेंगणं झालं होतं. डॉक्टर पद्माकर कॉव्हेंट्रीला भूलतज्ज्ञ म्हणून रिटायर झालेले, पण जीव सगळा क्रिकेटमध्ये. “ऑफ स्टंपबाहेरचा सोडायचा, हे मीच शिकवलंय त्याला. मागच्या गार्डनमध्ये,” असं ते गणपतीच्या आरतीला जमलेल्या लोकांनाही ऐकवत.

खरं काय ते एकट्या अंशुमनला ठाऊक होतं. तो चेंडू सोडत नव्हता. त्याला चेंडू दिसतच नव्हता.

गेल्या दोन मोसमांत आकडा सरसर चढला होता, तो उजव्या डोळ्याच्या कडेला धूर साठायला लागल्यापासून. बाबांची आई काचबिंदूनं आंधळी झाली होती, ऐन चाळिशीत. अंशुमन छत्तिशीचा. चष्म्याच्या दुकानावरून जाताना त्याचे पाय आपोआप भरभर पडायचे. परवा तर राउंडअबाउटवर उजवीकडून पांढरी व्हॅन अशी उगवली, की जणू जमिनीतून निघाली. मागच्या सीटवर त्याची चार वर्षांची लेक तनू गाणं म्हणत होती. पुढे घरी पोचेपर्यंत त्यानं गाडी अगदी हळू, कडेकडेनं चालवली. तरी रात्री त्यानं स्वतःची समजूत घातलीच: नजर खराब असती, तर आकडा सगळ्यांच्या वर असता का? अहो, आकडा काय खोटं बोलतो?

रविवारी मॅच होती. समोर जवळच्या अमेरिकन हवाई तळावरचा पिचर, ताडमाड. याचे चेंडू वेडेवाकडे पडत नव्हते, हीच तर पंचाईत. बाबा तनूला घेऊन फोल्डिंगच्या खुर्चीत बसले होते. अंशुमन डावखुरा, म्हणजे पिचरकडे उजवा डोळा. तो बॅट उचलून उभा राहिला.

पहिला चेंडू मागे बसलेल्या कॅचरच्या ग्लव्हमध्ये धाडकन बसला. अंशुमनला नुसता आवाज आला. स्ट्राइक. दुसराही तसाच. असे तीन स्ट्राइक झाले की आउट, म्हणजे आता एकच उरला, पण आउट होण्याची भीती कोणाला होती? देवा, हा कुठून येतोय तेवढं कळू दे, एवढंच त्याच्या मनात होतं.

मग बाबांची किंकाळी ऐकू आली. अंशुमन जागचा हलला नाही. चेंडू हेल्मेटवर, कानाशी आदळला आणि तो खाली बसला.

चेंडू लागला तरी पहिला बेस मिळतो. अंपायरनं पहिल्या बेसकडे हात केला, कोचनं टाळ्या पिटल्या. आकडा आणखी वर गेला! बाबा मात्र गुडघेदुखी विसरून मैदानात धावत आले.

“हलला का नाहीस रे?”

“सोडला, बाबा.”

“तोंडावर येणारा चेंडू कुणी सोडतं, गाढवा?”

बाबांनी त्याचं हेल्मेट काढलं, कान तपासला, डोक्यावरून हात फिरवला. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “डावा डोळा झाक. सरळ माझ्या नाकाकडे बघ. बोट दिसलं की सांग.”

अंशुमननं डोळा झाकला. बाबांचं नाक तेवढं दिसत होतं, भोवती सगळा राखाडी धूर. तो वाट बघत राहिला.

“आय ॲम रेडी, बाबा. दाखवा ना बोट.”

बाबांचं बोट केव्हाचंच त्याच्या उजव्या गालाशेजारी होतं.

“कधीपासून?”

“टू इयर्स. मला खूप भीती वाटली, बाबा. आजीसारखं झालं तर?”

“आणि मी तुझं कौतुक सांगत हिंडलो,” बाबा पुटपुटले. त्यांनी वळून खुर्चीकडे पाहिलं. तनू उभी राहून ‘रन, डॅडी, रन!’ म्हणून ओरडत होती.

“सकाळी हिला गाडीत घालून तू चालवत आणलंस?”

“हो,” अंशुमन म्हणाला, आणि सगळ्या क्लबासमोर रडायला लागला.