त्रास नाय

डॉक्टरीणबाईंनी गोदाच्या दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला आणि तिला लघवीला जाऊन यायला सांगितलं.

ती परतली ती भिंत धरतच. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, हात थरथरत होते. कॉटशेजारी बसलेली सासू, आवडाबाई, लगबगीनं उठली आणि तिनं सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आयली! माऊली आयली!"

बाईंनी पुन्हा पट्टा फुगवला. पारा चढला तो बराच वेळ उतरेना.

"लघवी केल्यावर नेहमी असं होतं?"

"डोकां फुटतं, छाती धडधडते. मंग देवी बोलते," उत्तर आवडाबाईनंच दिलं. "मंगळवारी पार खडवलीची मानसा येतान आमच्या आंबिवलीला."

"मी विचारलं होतं, लघवीतून रक्त जातं त्याशिवाय काही त्रास आहे का. तुम्ही नाय म्हणालात."

"देवीला त्रास कसा बोलायचा, बाय?"

बाईंनी पट्टा सोडला. त्याखाली उलथन्याचा जुना डाग होता. मूल होत नाही म्हणून सासूनं दिलेला. देवी यायला लागल्यापासून नवा पडला नव्हता.

"गोदा, नीट ऐक. काल कॅन्सर समजून तुझ्या मूत्राशयातली गाठ काढायला घेतली. तिला नुसता धक्का लागला आणि रक्तदाब असा भडकला, की ऑपरेशन अर्ध्यावर सोडावं लागलं. हा कॅन्सर नाही. तसा दिसतो, एवढंच. ही फार क्वचित होणारी गाठ. लघवी करताना ती दाबली जाते आणि रक्तदाब चढवणारं रसायन रक्तात सोडते. खात्रीसाठी रक्त-लघवी मुंबईहून तपासून घेऊ. आधी गोळ्या, मग ऑपरेशन. अगदी बरी होशील. पण असंच चालू राहिलं, तर एखाद्या वेळी डोक्यातली शीर फुटेल."

"म्हंजे मंग येनार नाय?" आवडाबाईनं विचारलं.

"कधीच नाही," बाई हसून म्हणाल्या आणि पुढच्या कॉटकडे वळल्या.

आवडाबाईनं पदर झटकला. गोदाच्या पायाशी ठेवलेला नारळ उचलून पिशवीत टाकला.

"ढोंगी मेली! आनि मी तुजं पाय धुवून पानी पिलं. घरी चल, मंग बघते. ऊठ, माजा ताट घास."

गोदानं उठून ताट घासलं.

दुपारी बाईंनी गोळ्या आणून दिल्या. त्या वळल्यावर गोदानं त्या गादीखाली सारल्या. मग तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा केला. पुन्हा भरून आणला, पुन्हा रिकामा केला. मांड्या आवळून ती दाराकडे बघत बसली.

भेटायची वेळ झाली. दारात आंबिवलीची माणसं दिसली, तशी ती उठली आणि सावकाश संडासाकडे निघाली.

आवडाबाईनं एकदा माणसांकडे पाहिलं, एकदा सुनेच्या पाठीकडे. मग पिशवीतला नारळ बाहेर काढला.