पाचव्या डिस्कचं नाव

“नव्या नावाची ही भर आजच्या बैठकीपुरतीच, संगणक बंद होईपर्यंतच आहे,” असं मी लॅबचा संगणक सांभाळणाऱ्या मेघाला लाल अक्षरांत बजावलं होतं. मांडीवरच्या लेकीला, प्रियलला घास भरवता भरवता तिने ती ओळ न वाचताच वर सरकवली.

मित्रांनो, जळगावच्या एका लॅबच्या संगणकावर राहणारी मी औषधांची जुनी यादी. आकडेमोडीच्या एका सॉफ्टवेअर पॅकेजबरोबर इथे आले. दूरदेशीच्या कितीतरी लोकांनी एकेक नाव घालून मला घडवलं. कुठल्या जंतूवर कोणतं औषध चालतं, ते रिपोर्ट माझ्याच आधाराने निघतात. स्वभावाने मी संशयी. अनोळखी नावाला आत घेत नाही. “यादी फार चोख,” असं लॅबचे मालक प्रेमराजभाऊ पाहुण्यांना सांगत, तेव्हा मला बरं वाटे.

त्या दुपारी मेघाने एका नव्या औषधाचं नाव, गट, लघुनाव मला शिकवलं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, की प्रेमराजभाऊ संगणकाच्या खोलीचा मेन स्विच पाडतात. शॉर्टसर्किटची त्यांना भारी धास्ती. स्विच पडला आणि शिकलेलं मी विसरले.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, “एक नाव अनोळखी, वगळलं.” तीही ओळ वर सरकली. दोन रिपोर्ट बाहेर गेले.

मग त्यातला एक ज्यांच्या नातवाचा, त्या कोकिळाअक्कांचा शिंदखेड्याहून फोन आला. नातवाचा ताप उतरत नव्हता. “मेघाताई, डॉक्टर सांगतस, कागदवर लागू पडनारं एक बी औषध नही शे.”

मेघाच्या मनात पाल चुकचुकली. संशय आधी डॉक्टरवर गेला, मग तपासणी करणाऱ्या लताबाईंवर.

“लताबाई, जंतूंच्या प्लेटवर औषधात भिजवलेल्या कागदी डिस्क किती ठेवल्या होत्या?”

“पाच. रोज पाचच. मोजायला मला तुझं यंत्र लागत नाही.”

रिपोर्टवर नावं चार. पाचवी डिस्क त्या नव्या औषधाची, आणि तेच लागू पडत होतं.

मेघाने वर सरकवलेल्या माझ्या लाल ओळी शोधून वाचल्या. औषधाची ओळख तिने एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवली. आता रोज मला उठवलं, की आधी तीच वाचायला देते. सुधारलेला रिपोर्ट शिंदखेड्याला पोचला. नातू काल भाकरी मागत होता म्हणे.

दुसरा रिपोर्ट जामनेरच्या झुलालनानांचा. त्यांचा फोन सकाळपासून लागत नाही.

मित्रांनो, माझ्या लाल ओळी वाचत जा, हे तर मी सांगेनच. पण आधी एवढं करा. जामनेरला बाजाराला जाणार असाल, तर नानांच्या दारावर थाप द्या. हातात चार नावांचा कागद दिसला, तर म्हणावं, नाना, पाचवं आहे.