हातावरचं दही

घसा सुजलेला असला की डॉक्टर म्हणायचे, "आत्ता हात लावता येत नाही, सूज उतरल्यावर या." आणि सूज उतरल्यावर गेलं की दुसराच कुणी डॉक्टर घशात बॅटरी मारून म्हणायचा, "आता तर बरं दिसतंय की! बघू अजून थोडे दिवस." संक्रांतीपासून द्वारका हे ऐकत होती. आता श्रावण लागला होता.

टॉन्सिल म्हणजे पोराटोरांचं दुखणं, अशी सगळ्या जगाची समजूत. अठ्ठावीस वर्षांच्या बाईनं, एका लेकराच्या आईनं टॉन्सिल दाखवायला यावं म्हणजे जणू तिनं पाटी घेऊन पहिलीच्या वर्गात जाऊन बसावं. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढणारा माणूस दर वेळी तिच्या पदराआड डोकावून विचारायचा, "पेशंट कुठंय?"

"मीच."

"टॉन्सिल तुमचे?"

"मग काय शेजारणीचे?" चौथ्या खेपेला तिच्या तोंडून निघून गेलं, आणि त्या दिवशी तिचा नंबर सगळ्यात शेवटी लागला.

दर महिन्याला एक आठवडा तापाचा. घशात दोन्ही बाजूंना दोन लिंबं धरल्यागत. भाकरी गिळायची तर आधी दुधात कुस्करून तिचा लगदा करायचा आणि मग डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं. ब्लाऊज शिवायला देणाऱ्या बायका तिचं घोगरं बोलणं ऐकून म्हणायच्या, "द्वारके, तोंडात लाडू धरून बोलू रायली काय गं?" तिच्या नवऱ्याची, बन्सीची, शेंद्र्याला कंपनीत पाळी असायची. सुट्टी मागून मागून त्याच्या सुपरवायझरला टॉन्सिल हा शब्द पाठ झाला होता.

पण हे सगळं तिनं सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते एकच. चार वर्षांची गोदी तिच्याजवळ झोपेनाशी झाली होती.

एक दिवस पोरीनं आपली उशी उचलली, बाहेरच्या खोलीत आज्जीच्या गोधडीवर नेऊन टाकली आणि सांगितलं, "मी हितंच झोपणार." का, तर काही नाही. मुंडी हलवायची आणि उशी घट्ट धरायची. सारजाबाईंनी, म्हणजे सासूनं, नातीला लगेच पांघरुणात ओढलं.

"लेकरू भ्यालंय. तू झोपंत कशी घोरतीस, तुला काय ठाव?"

"आन् तुम्ही नाय घोरत, आत्याबाई?"

"मी घोरती," सारजाबाई शांतपणे म्हणाल्या, "पण माझं घोरणं साधं हाय."

तेव्हापासून द्वारकाच्या मनानं घेतलं होतं, ऑपरेशन झालं, घशातली ही लिंबं निघाली, की गोदी आपल्याजवळ परत येईल. त्यापायीच ती ऑपरेशन नको म्हणणाऱ्या गंगापूरच्या भावाचं न ऐकता, काढे-गुळण्या सांगणाऱ्या शेजारणींचं न ऐकता, मंगळवार-शुक्रवार दवाखान्याच्या बाकड्यावर जाऊन बसायची. बाकडंही तिचं ठरलेलं होतं, भिंतीकडचं, एक पाय डुगडुगणारं.

आखाड संपता संपता एकदाचे मोठे डॉक्टर भेटले. त्यांनी जीभ दाबून आत पाहिलं, कागद चाळले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "सात महिन्यांत सात वेळा ताप? मग इतके दिवस थांबलात कशाला?"

द्वारकानं मागं वळून पाहिलं. तिला वाटलं, ते दुसऱ्याच कुणाला विचारत असावेत.

मग रक्त झालं, छातीचा फोटो झाला, फिटनेसचा कागद झाला. त्यावर सही करणारे डॉक्टर रजेवर होते, तेही एकदाचे आले. शुक्रवारची तारीख मिळाली. सिस्टरनं दोनदा बजावलं, "रात्री दहानंतर पोटात काही नको. चहा नाही, पाणी नाही. काही म्हणजे काहीच नाही."

घरी आल्यावर द्वारकानं ते सगळ्यांना चारदा ऐकवलं. सारजाबाईंनी तर ते इतकं मनावर घेतलं, की रात्री दहाच्या ठोक्याला माठावर ताट झाकलं आणि ताटावर वरवंटा ठेवला. "झोपंत उठून पाणी पिशील, तुझा काय नेम," म्हणाल्या.

सकाळी सहाला रिक्षा दारात आली. बन्सीनं पिशवी घेतली. गोदी झोपेतच शेजारच्या वच्छलाबाईंकडं नेऊन ठेवली होती. द्वारका उंबऱ्यात आली, तर सारजाबाई वाटी घेऊन उभ्या.

या घरातून कुठल्याही कामाला माणूस निघालं, की उंबऱ्यात त्याच्या उजव्या तळहातावर दही-साखर पडायची. बन्सी दहावीला तीन वेळा बसला, तिन्ही वेळा दही खाऊन गेला आणि तिन्ही वेळा नापास झाला. म्हणून काही दही थांबलं नाही. कंपनीत मुलाखतीला गेला तेव्हाही दही होतं, आणि तेव्हा ते लागू पडलं. गावाकडं दिरानं ट्रॅक्टर आणला, तर सारजाबाईंनी ट्रॅक्टरच्या तोंडालासुद्धा दही लावलं होतं. हे खाणं नव्हतंच. कुंकू लावणं खाणं असतं का? तसंच हे.

सासूनं वाटी पुढं केली आणि सुनेचा हात आपोआप पुढं आला. दही पडलं, तिनं चाटलं, हात पदराला पुसला, सासूच्या पाया पडली आणि रिक्षात बसली. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

आठ वाजता भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. यादीत द्वारकाचा दुसरा नंबर. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, हातात सुई टोचलेली. "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं?"

द्वारका नाही म्हणणार, तोच सारजाबाई कौतुकानं पुढं सरसावल्या. "रातच्यापासून पाण्याचा थेंब नाय, डॉक्टरीणबाई! माठावर वरवंटा ठेवला व्हता म्या. निस्तं दही-साखर दिलं हातावर, निघताना."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

"किती वाजता?"

"सहाला," बन्सी म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा उतरला.

"दूध-दही पोटात असताना भूल दिली आणि उलटी झाली, तर ते फुप्फुसात जातं. त्यात ऑपरेशन घशाचंच. सहा तास तरी थांबावं लागेल."

"मग बारा वाजता करा की. आम्ही बसतो."

"बाराला हे थेटर दुसऱ्या विभागाला जातं."

"चमचाभरच व्हतं वो," सारजाबाईंचा आवाज चमच्याएवढाच झाला होता.

"मावशी, मी चमचे मोजत नाही, तास मोजते."

फळ्यावरचं दुसरं नाव पुसलं गेलं. तिसऱ्या नंबरच्या पेशंटचे नातेवाईक लगबगीनं उठले. नवी तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. "मध्ये ताप आला नाही तर," सिस्टरनं सुई काढता काढता सांगितलं. मध्ये ताप येणार नाही, असा महिना द्वारकानं वर्षभरात पाहिला नव्हता.

तिघं परत रिक्षात बसली. क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा सारजाबाई हळूच म्हणाल्या, "म्या काय मुद्दाम केलं का?"

तेवढं पुरलं. "सात महिने, आत्याबाई! सात महिने मी त्या बाकड्यावर झिजले. डॉक्टर भेटला तर सूज, सूज नाय तर डॉक्टर नाय. सगळं जुळून आलं, आन् तुमच्या वाटीनं घात केला!" फाटक्या आवाजात ओरडता ओरडता तिला ठसका लागला, आणि ठसक्याबरोबर नको ते बाहेर पडलं. "तुम्हाला गोदी माझ्याकडं द्यायचीच नसंल, म्हून केलं असंल!"

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि उगाच हॉर्न वाजवला. सारजाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

मग तीन दिवस घरात चिडीचूप. द्वारका बोलत नव्हती. घशामुळं की रागामुळं, हे कळायला मार्ग नव्हता आणि विचारायची बन्सीची छाती नव्हती. शिवणयंत्राचा आवाज तेवढा घरात. आपण बोललो ते वाईट बोललो, हे तिला कळत होतं. पण हातावरचं दही आठवलं की पुन्हा अंगाचा भडका उडायचा. त्यातला अर्धा राग स्वतःवरचा होता. हात तर आपणच पुढं केला होता ना.

चौथ्या दिवशी दुपारी सारजाबाईंनी गोदीची उशी उचलली, आतल्या खोलीत आणली आणि द्वारकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गोदे, आजपासून आईजवळ निजायचं. माझ्यावर आळ नको."

"नाय."

"काऊन नाय? म्या धरून ठेवलं का तुला? सांग तुझ्या आईला."

"आई थांबती," गोदी म्हणाली.

"थांबती म्हंजी?"

"तू घोरती, तर घोरतच राहती. आई घोरती, आन् मंग थांबती." पोरीनं दोन बोटांनी नाक दाबलं, ओठ मिटले, डोळे मोठे केले. ती तशीच उभी राहिली, गाल फुगून लाल होईपर्यंत. मग हाप्प करून श्वास घेतला. "असं. मंग मी वाट बघती. लई येळ वाट बघती. तुझ्याजवळ वाट बघावी नाय लागत."

शिवणयंत्राचं चाक थांबलं. सुईखाली कुणाच्या तरी ब्लाऊजची बाही तशीच राहिली.

द्वारकाला वाटत होतं, या घरात वाट पाहणारी ती एकटीच. बाकड्याच्या डुगडुगत्या पायावर तोल सांभाळत बसणारी. आणि हे एवढंसं लेकरू अंधारात उशी धरून, आईचा पुढचा श्वास येतो की नाही याची वाट पाहत जागं राहिलं होतं. कुणाला सांगायचं कळलं नाही, म्हणून उशी घेऊन निघून गेलं.

तिनं गोदीला ओढून मांडीवर घेतलं. सारजाबाई दारातच उभ्या होत्या. तीन दिवसांत पहिल्यांदा दोघींची नजरानजर झाली.

"हे त्या मोठ्या डॉक्टरला सांगितलं व्हतं का?" सासूनं विचारलं.

"मलाच कुठं ठाव व्हतं?"

"मंग ऊठ. उद्या मंगळवार हाय."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गोदीनं मोठ्या डॉक्टरांसमोर नाक दाबून दाखवलं. डॉक्टर आधी हसले, मग घड्याळाकडं पाहू लागले, आणि पाहता पाहता त्यांचं हसू गेलं. "झोपेत श्वास अडकतो? हे आधी का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलं का, साहेब?" द्वारका म्हणाली. "समद्यांनी जीभच तर बाहेर काढायला लावली."

डॉक्टरांनी केसपेपर पुढं ओढला. जुनी तारीख खोडून त्यांनी तांबड्या पेननं पुढचा मंगळवार लिहिला.

त्या मंगळवारी पहाटे माठावर पुन्हा ताट होतं, ताटावर वरवंटा होता. ताप आला नव्हता. सहाला रिक्षा आली. द्वारका उंबऱ्यात पोचली आणि जागच्या जागी थबकली. सारजाबाई वाटी घेऊन उभ्याच.

"माय!" बन्सी किंचाळला. "तुला काही वाटतंय का?"

"गप रे. मला अक्कल हाय." सारजाबाईंनी पेंगुळलेल्या गोदीला पुढं ओढलं, तिची मूठ उघडली आणि तळव्यावर भला मोठा चमचा दही ठेवलं. "हे तुझ्या आईच्या वाटणीचं. तू खायचं. समदं चाटायचं, सांडायचं नाय."

गोदीनं मन लावून चाटलं, अगदी मनगटापर्यंत. द्वारकाचा हात तेवढ्यात सवयीनं पुढं आलाच होता. सारजाबाईंनी त्या रिकाम्या तळव्यावर आपला तळवा ठेवला, तिची बोटं मिटवली आणि म्हणाल्या, "जा आता."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून विचारलं, "काय मावशी, आज?"

"आज नातीनं खाल्लं. पेशंटनं नाय. लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं, म्हणजे वाईट झालं. घसा सोलून काढल्यागत. थुंकी गिळायची तर डोळ्यांतून पाणी. गार दूध, गार खिचडी, आणि बोलायचं नाही असा हुकूम. द्वारका पाटीवर लिहून भांडायची, आणि बन्सी मुद्दाम हळू वाचायचा.

सातव्या दिवशी दुपारी ती आतल्या खोलीत आडवी झाली होती. दारात गोदी आली, उशी पोटाशी धरून. आत यावं की नाही, याचा बराच वेळ विचार केला. मग उशी ठेवली आणि आईकडं तोंड करून, मध्ये वीतभर जागा सोडून पडली. डोळे मिटले नाहीत.

द्वारकानं मिटले. झोप नव्हती, पण मिटले. नाकाखाली काही तरी गुदगुल्या करू लागलं. गोदीचं बोट होतं. तिला हसू येत होतं आणि हसलं की घसा फाटत होता. तिनं हसू आवरलं आणि नुसता श्वास चालू ठेवला, आत आणि बाहेर, काही न करता, जसं सगळी माणसं करतात तसं. बोट तिथंच होतं. मग बऱ्याच वेळानं ते जड झालं, ओठावरून, हनुवटीवरून घसरलं आणि तिच्या गळ्यावर येऊन पडून राहिलं.

बाहेरच्या खोलीत सारजाबाईंचं साधं घोरणं चालू होतं. मधेच ते थांबलं. उघड्या दारातून द्वारकाला दिसलं, आत्याबाईंचा हात झोपेतच गोधडीवर शेजारी काही तरी चाचपत होता. कुणी सापडलं नाही. हात तिथंच, रिकाम्या जागेवर राहिला.

द्वारका कान देऊन पडून राहिली. गळ्यावरचं बोट हलू नये म्हणून मान न वळवता. मग ते घोरणं पुन्हा सुरू झालं, आणि मगच तिला झोप लागली.