तिच्याच हातून सुरू न होणारी गाडी

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ती गाडी शिकली, ती काही हौसेनं नव्हे. नवऱ्याचा डावा पाय अर्धांगाच्या झटक्यानंतर लुळा पडला होता. आठवड्यातून तीनदा त्याला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं, तर दर वेळी दिराच्या तोंडाकडे किती बघायचं? दोन महिने रोज सकाळी क्लासला जाऊन तिनं लायसन्स मिळवलं. पुढचे सहा महिने सगळं सुरळीत चाललं. आणि मग गाडीनंच दगा द्यायला सुरुवात केली.

किल्ली फिरवली की समोरचे दिवे लागत, पण इंजिन हूं की चूं करत नसे.

"क्लच दाबलास का पूर्ण?" बाजूला बसलेला नवरा विचारी. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस तो.

"दाबलाय हो."

"मग किल्ली घाईत सोडत असशील."

शेवटी शेजारच्या इमारतीतून दीर यायचा, बसायचा, आणि गाडी एका झटक्यात सुरू व्हायची. "वहिनी, तुमच्यावर रुसलीय ती," तो हसून म्हणायचा. पहिल्यांदा तीही हसली होती. तिसऱ्यांदा मात्र नवरा हळूच म्हणाला, "राहू दे. पुढच्या वेळेपासून टॅक्सीच बोलवू." तो रागावला असता तरी चाललं असतं. तो समजूतदार आवाजच तिला जास्त झोंबला.

तिनं कुणालाच न विचारता चौकातल्या मेकॅनिकला बोलावलं. उंच, हाडापेरानं मजबूत माणूस. त्यानं बॅटरीला मीटर लावला, तारा हलवून पाहिल्या, मग आत बसून गाडी सुरू केली. एकदा नाही, पाच वेळा.

"काही नाही काकू, ठणठणीत आहे," हात पुसत तो म्हणाला. "सवय झाली की होईल."

तो पेटी उचलून निघालाच होता. तिला एकदम वाटलं, आता गप्प बसले तर कायमचीच गप्प बसेन.

"दादा, सवय नसती तर सहा महिने कशी चालवली असती? मी काही विसरत नाही, आणि खोटंही सांगत नाही."

तो थांबला. पेटी खाली ठेवली. "बरं, मला सांगा. सुरू होत नाही तेव्हा टकटक आवाज येतो?"

"नाही. काहीच नाही."

"दिवे मंद होतात?"

"अजिबात नाही. हॉर्नसुद्धा जोरात वाजतो."

"म्हणजे बॅटरीत दम आहे, पण करंट स्टार्टरपर्यंत पोचतच नाही," तो स्वतःशीच म्हणाला. "बसा तुम्ही. रोज करता तसंच करा."

तिनं सीट पुढे ओढली, पाठीमागे उशी घेतली, क्लच दाबून किल्ली फिरवली. गाडी गप्प. गाडी बंद राहिली म्हणून आनंद व्हायची तिची ही पहिलीच वेळ.

"पाय काढू नका." त्यानं दार उघडलं, उकिडवा बसला आणि टॉर्च आत मारला. "ही मॅट कधी घेतली?"

"महिना झाला. लेकीनं पाठवली."

जाडजूड, गुबगुबीत मॅट पुढे सरकून क्लचखाली गेली होती. तिच्या पायाला वाटायचं, पेडल तळाला टेकलं. प्रत्यक्षात बोटभर अंतर राहायचं. पेडलमागे एक छोटं बटण असतं, ते दाबलं गेल्याशिवाय स्टार्टर हलतच नाही. दिराचा आणि मेकॅनिकचा भक्कम पाय मॅटसकट पेडल पूर्ण दाबून टाकायचा.

त्यानं मॅट ओढून काढली. तिनं पुन्हा किल्ली फिरवली, आणि इंजिन सुरू झालं.

"माफ करा काकू," तो म्हणाला. "मघाशी माझ्याही मनात आलं होतं, की तुम्हालाच जमत नसणार."

काठी टेकत नवरा दारापर्यंत आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मी टॅक्सीचं बोललो ते..." तो अडखळला. "चुकलंच माझं."

"लागलं मला ते," ती म्हणाली. मग उतरून तिनं त्याच्या बाजूचं दार उघडलं. "चला, बसा. तुमची वेळ होत आली."

वाटेत सिग्नलला गाडी थांबली. "क्लच..." असं काहीसं तो बोलू लागला, मग ओठ मिटून खिडकीबाहेर बघत बसला. तिनं ते पाहिलं. हिरवा दिवा लागला आणि तिनं गिअर टाकला.